दोन बियांची कसोटी

(शताब्दी व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचा मजकूर)



जुन्या मराठी ग्रंथालयात वैद्यकाचे एक कपाट असतेच. शंकर दाजीशास्त्री पदे यांचा ‘वनौषधि गुणादर्श’, डॉ. वामन गणेश देसाई यांचा १९२७ साली प्रसिद्ध झालेला ‘औषधीसंग्रह’, निघंटूंची मराठी भाषांतरे अशी पुस्तके त्यात दाटीने उभी असतात. कादंबरी वाचणारा वाचक विरंगुळ्यासाठी येतो. या कपाटाशी येणारा वाचक मात्र बहुधा घरात कोणी अंथरुणाला खिळले आहे म्हणून येतो. मधुमेह, संधिवात, त्वचारोग, कंपवात अशी प्रकरणे तो उघडतो आणि तेथे त्याला एखादे वाक्य भेटते की अमुक झाडाची बी अमुक रोगावर गुणकारी आहे. वाक्य छोटे असते, भाषा निःशंक असते आणि वाचक अगतिक असतो. हे वाक्य खरे आहे काय, खरे असल्यास किती, आणि ते कोणी व कसे ठरवावयाचे, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

विषय अवाढव्य असल्याने तो दोन बियांपुरता मर्यादित ठेवणे श्रेयस्कर. दोन्ही वनस्पती सह्याद्रीच्या परिसरात आढळतात आणि दोन्हींची नावे जुन्या ग्रंथांत आहेत. एक कडू कवठाची, दुसरी खाजकुहिलीची. पहिलीला जगाने काही दशके डोक्यावर घेतले आणि नंतर खाली उतरवले. दुसरीची बराच काळ कोणी दखल घेतली नाही आणि पुढे तिला मान मिळाला, पण अटींसह. या दोन कथा शेजारी ठेवल्या म्हणजे औषधाची परीक्षा म्हणजे काय, हे कोणत्याही व्याख्येपेक्षा अधिक स्पष्ट होते.

प्रथम बीविषयी थोडेसे. पाने, फुले आणि साल यांच्यापेक्षा बीचे काम निराळे असते. पुढच्या पिढीचा अंकुर तिच्या पोटात निजलेला असतो आणि त्याच्यासाठी शिधाही तेथेच साठवलेला असतो. हा शिधा किडे, पक्षी व जनावरे यांनी लुटू नये म्हणून अनेक झाडे बीत कडू किंवा विषारी द्रव्ये भरून ठेवतात. कुचल्याच्या बीत स्ट्रिक्नीन असते. पेल्तिए आणि काव्हाँतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८१८ साली ते द्रव्य प्रथम वेगळे केले. एरंडाच्या बीचे तेल रेचक म्हणून पिढ्यान्‌पिढ्या घेतले गेले, परंतु त्याच बीतील रिसिन हे जहाल विष तेलात न उतरता पेंडीत राहते. एकाच बीतून औषध निघते आणि विषही निघते. हाती काय लागेल हे ती कशाने व कशी पिळली यावर अवलंबून असते. झाडाने ही द्रव्ये स्वतःच्या रक्षणासाठी बनवलेली असतात, माणसाच्या रोगाशी झाडाला काही कर्तव्य नसते. म्हणून ‘निसर्गाचे आहे, अपाय होणार नाही’ हे वाक्य बियांच्या बाबतीत तरी टिकत नाही.

येथेच अर्काचा प्रश्न येतो. प्रयोगशाळेत बी वाळवून तिची भरड करतात आणि ती एकामागून एक निरनिराळ्या द्रावकांत भिजवतात. पेट्रोलियम ईथरात तेल व मेणासारखी द्रव्ये उतरतात. अल्कोहोलात आणखी काही उतरतात, पाण्यात आणखी निराळी. जर्मन शास्त्रज्ञ सॉक्सलेट यांनी १८७९ साली यासाठी काचेचे एक उपकरण तयार केले. त्यात तापवलेले द्रावक वाफ होऊन वर जाते, थंड होऊन भरडीवर ठिबकते आणि पुन्हा खाली उतरते. हे चक्र तासन्‌तास चालते. आजही रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांत ते उपकरण दिसते. घरातील काढा हाही अर्कच, फक्त तो पाण्याचा. तेव्हा ‘या बीत गुण आहे’ असे म्हणणाऱ्याला परीक्षकाचा पहिला प्रश्न असतो: तेलात, अल्कोहोलात की पाण्यात? आणि दुसरा प्रश्न असतो: किती प्रमाणात?

आता पहिली बी. कडू कवठ हा सदाहरित वृक्ष कोकणापासून गोव्यामार्गे केरळापर्यंत घाटातल्या ओढ्याकाठच्या ओलसर रानात वाढतो. ज्या कवठाची चटणी करतात त्याच्याशी याचा नावापलीकडे काही संबंध नाही. दोन्हींची कुळेही वेगळी. फळ गोल व कठीण कवचाचे असते आणि गरात कोनदार बिया रुतलेल्या असतात. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील तेराव्या अध्यायात ‘तुवरक’ नावाच्या वृक्षाचे वर्णन आहे. तो पश्चिम समुद्राच्या किनारी वाढतो असे तेथे म्हटले आहे आणि अभ्यासक तो वृक्ष म्हणजे कडू कवठच असे मानतात. सुश्रुताने केवळ गुण सांगून विषय संपवलेला नाही. पावसाळ्याच्या तोंडावर पिकलेली फळे आणावीत, आतील मगज काढून वाळवावा, कुटावा, तिळाप्रमाणे पिळून तेल काढावे, ते पंधरा दिवस शेणाच्या गोवऱ्यांत पुरून ठेवावे आणि मग कुष्ठाच्या रोग्याला द्यावे, असा क्रमच त्याने दिला आहे. फळ कोणत्या ऋतूत तोडावे, बीचा कोणता भाग घ्यावा, तेल कसे काढावे आणि किती दिवस मुरवावे हे सारे त्यात आहे. आजच्या शोधनिबंधात ‘कृती’ या मथळ्याखाली जे लिहितात त्याच जातीचा हा मजकूर आहे.

एकोणिसाव्या शतकात याच गटातील बियांच्या तेलाकडे पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष गेले. ईशान्येकडून कलकत्त्याच्या बाजारात येणारे ‘चौलमुग्रा’ तेल देशी वैद्य कुष्ठरोगावर देत असत. कलकत्त्यातील डॉ. मोआट यांनी १८५४ साली त्याविषयी लिहिले आणि तेलाची कीर्ती युरोपात पोहोचली. परंतु हे तेल नेमके कोणत्या झाडाचे, याविषयी वनस्पतिशास्त्रज्ञांची मोठी चूक झाली होती. रॉक्सबर्ग यांनी चौलमुग्रा या नावाने ज्या झाडाची नोंद केली होती त्याच्या बिया औषधाच्या नव्हत्याच. वर्षानुवर्षे पाठ्यग्रंथांत एका झाडाचे नाव आणि बाटलीत दुसऱ्या झाडाचे तेल असा प्रकार चालला. विसाव्या शतकाच्या आरंभी डेव्हिड प्रेन यांनी खरे झाड ओळखून दिले. त्यानंतर लंडनमध्ये पॉवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०४ व १९०५ साली या तेलातून चौलमुग्रिक आणि हिड्नोकार्पिक ही दोन आम्ले वेगळी केली. तीच आम्ले कडू कवठाच्या तेलातही सापडली. चुकीने नाव लागलेल्या झाडाच्या तेलात मात्र ती मुळीच नव्हती. कोणत्याही बीची परीक्षा झाडाच्या नावापासून का सुरू करावी लागते, याचा याहून बोलका दाखला मिळणे कठीण.

झाड ओळखले, द्रव्य सापडले, तरी रुग्णाचे हाल संपले नव्हते. तेल इतके कडू व किळसवाणे की पोटात ठरत नसे. सुईने द्यावे तर ते दाट असल्यामुळे शरीरात शोषले जात नसे, जागेवर गाठी येत व कधी त्या पिकत. या अडचणीवर तोडगा काढला तो हवाई बेटांवरील एका तरुण रसायनशास्त्रज्ञ स्त्रीने. ॲलिस बॉल हे तिचे नाव. होनोलुलूच्या कलिही रुग्णालयातील डॉ. हॉलमन यांच्या विनंतीवरून तिने तेलातील आम्लांचे एथिल एस्टर तयार केले. हे द्रव्य पातळ होते आणि सुईने दिले असता शरीरात शोषले जाई. त्या वेळी तिचे वय जेमतेम तेवीस वर्षांचे होते. आपले काम प्रसिद्ध करण्यापूर्वीच, १९१६ सालच्या डिसेंबरच्या अखेरच्या दिवशी, वयाच्या चोविसाव्या वर्षी तिचे निधन झाले. ते काम पुढे महाविद्यालयाचे प्रमुख डीन यांनी स्वतःच्या नावावर चालवले. १९२२ साली हॉलमन यांनी एका लेखात या पद्धतीला ‘बॉल पद्धत’ असे नाव देऊन सत्य नोंदवले, पण जगाने ते वाचले नाही. हवाई विद्यापीठाने आपल्या आवारातील चौलमुग्राच्या झाडाजवळ तिच्या नावाचा फलक लावला तो २००० साली.

या सुधारित स्वरूपात बियांचे तेल जगभर वापरले जाऊ लागले. कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी याच आम्लांच्या क्षारांची टोचणी सुरू केली होती. हजारो कुष्ठरुग्णांनी आठवड्यामागून आठवडे ही दुखरी सुई सोसली. काहींचे चट्टे फिके झाले, काही बरे होऊन घरी गेले आणि काहींचा रोग परत उलटला. हा गुण तेलाचा की आणखी कशाचा, हा प्रश्न येथे विचारावयास हवा होता. कुष्ठरोग स्वतःहूनही काही काळ मंदावतो. वसतिगृहात आलेल्या रुग्णाला नियमित अन्न, स्वच्छता व शुश्रूषा मिळत असे, तिचाही परिणाम होतोच. तेल दिलेले रुग्ण आणि तेल न दिलेले तशाच अवस्थेतील रुग्ण, दोघांनाही इतर सर्व बाबतींत सारखे वागवून शेजारी ठेवल्याखेरीज या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. अशी तुलना काटेकोरपणे झाली नाही. त्या काळच्या वैद्यांना सर्वस्वी दोष देणेही न्याय्य नव्हे. चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे गट पाडावयाचे आणि मग तुलना करावयाची ही रीत क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या प्रसिद्ध चाचणीने रूढ केली आणि तिचा वृत्तांत १९४८ सालचा आहे. शिवाय कुष्ठाचा जंतू हान्सेन यांनी १८७३ सालीच पाहिला असला तरी प्रयोगशाळेतील पोषकद्रव्यावर तो वाढत नाही. उंदराच्या पायाच्या तळव्यात तो वाढवण्याची युक्ती शेपर्ड यांना साधली ती १९६० साली. परीक्षेची साधनेच अपुरी होती. आशा मात्र अमाप होती.

१९४१ साली अमेरिकेतील कारव्हिल येथे गाय फॅजेट यांनी सल्फोन गटातील प्रोमिन हे औषध वापरले आणि पाठोपाठ त्याच गटातील स्वस्त अशी डॅप्सोनची गोळी आली. रुग्णांच्या शरीरातील जंतू कमी होताना सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागले. काही वर्षांतच तेलाच्या सुया बंद पडल्या. पुढे डॅप्सोनला जंतू दाद देईनासे झाले, तेव्हा १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन अशा एकत्रित औषधांची शिफारस केली आणि कोट्यवधी लोक या रोगातून मुक्त झाले. कडू कवठाची बी कसोटीवर उणी ठरली. ती अगदीच निरुपयोगी होती असे कोणी सिद्ध केले नाही. तिच्याहून पुष्कळ चांगले काही मिळाले, एवढेच. पण मधल्या तीस-पस्तीस वर्षांत ज्यांनी ती सुई सोसली त्यांना ‘या औषधाचा उपयोग किती?’ या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर कोणी देऊ शकले नाही, हे विसरता येत नाही.

पहिल्या बीचा हा धडा ध्यानात ठेवून दुसरीकडे वळावे. खाजकुहिलीची ओळख या भागात कोणाला करून द्यावयास नको. पिंगट लव असलेल्या तिच्या शेंगा ज्याच्या अंगाला लागल्या त्याला ती लहानपणची आठवण जन्मभर पुरते. त्या लवेतील म्युक्युनेन नावाच्या विकराने ही आग होते. कोणी हात लावू नये अशी स्वतःची राखण करणारी म्हणून संस्कृतात हिचे नाव ‘आत्मगुप्ता’. शेंगेतील बी गुळगुळीत व टणक असते. वैद्य ती दुधात उकडून, साल काढून, वाळवून तिचे चूर्ण करतात. वाजीकरणासाठी आणि वातविकारांवर ती सांगितलेली आहे. कंपवात हा वातविकारांतलाच एक. हात थरथरणे, शरीर ताठणे, पाऊल उचलता न येणे ही त्याची लक्षणे. पाश्चात्त्य वैद्यकात या रोगाचे पद्धतशीर वर्णन लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली केले आणि रोगाला त्यांचेच नाव मिळाले.

१९१३ साली मार्कुस गुग्गेनहाइम या शास्त्रज्ञांनी स्वित्झर्लंडमध्ये बाकल्याच्या शेंगांतून लेव्होडोपा हे द्रव्य वेगळे केले आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे अडीच ग्रॅम स्वतःच घेऊन पाहिले. जोराची ओकारी झाली, बाकी काही गुण दिसला नाही. १९३७ साली मद्रास विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत दामोदरन व रामस्वामी यांनी तेच द्रव्य खाजकुहिलीच्या बीतून काढून दाखवले. शोध प्रसिद्ध झाला आणि नियतकालिकांच्या बांधीव खंडांत निजून राहिला. बीत काय आहे हे कळले होते, पण ते कोणत्या कुलपाची किल्ली आहे हे ठाऊक नव्हते.

ते कुलूप सापडण्यास कारण झाली आणखी एक भारतीय वनस्पती, सर्पगंधा. तिच्या मुळीने रक्तदाब उतरतो हे मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश नियतकालिकात मांडले होते. त्या मुळीतून निघालेले रेझर्पीन सशांना दिले की ते निश्चल होऊन पडत. स्वीडनचे आर्व्हिद कार्लसन यांनी १९५७ साली अशा सशांना लेव्होडोपा टोचले आणि ससे पुन्हा हिंडू लागले. १९६० साली व्हिएन्नातील एहरिंगर व हॉर्निकिएविच यांनी कंपवाताने मृत्यू पावलेल्यांचे मेंदू तपासून त्यांत डोपामिनची मोठी तूट असल्याचे दाखवले. डोपामिन स्वतः रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. लेव्होडोपा शिरते आणि तेथे त्याचे डोपामिन होते. १९६७ साली कोट्झियास यांनी तोंडाने मोठ्या मात्रा देऊन जखडलेल्या रुग्णांना चालते केले. पुढे कार्बिडोपाची जोड मिळाली. लेव्होडोपा मेंदूत पोहोचण्यापूर्वी वाटेतच खर्ची पडू नये ही तिची कामगिरी. त्यामुळे मात्रा कमी पुरते आणि ओकारीही आटोक्यात राहते. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता परंपरेने सांगितलेल्या बीची प्रत्यक्ष रुग्णांवर परीक्षा घेणे क्रमप्राप्त होते. मुंबईत डॉ. अशोक वैद्य व सहकाऱ्यांनी १९७८ साली खाजकुहिलीने केलेल्या कंपवाताच्या उपचाराचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९९५ साली बीच्या प्रमाणित चूर्णाची साठ रुग्णांवरील बारा आठवड्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. ती अनेक केंद्रांत घेण्यात आली होती आणि रुग्णांच्या हालचालीत लक्षणीय सुधारणा आढळली. तथापि या चाचणीत काय दिले जात आहे हे रुग्णाला ठाऊक होते आणि वैद्यालाही ठाऊक होते. कंपवातात आशेचाही परिणाम होतो, ही गोष्ट आज सर्वमान्य आहे. म्हणून पुढची पायरी आवश्यक होती.

ती २००४ साली प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या चाचणीत दिसते. रुग्ण फक्त आठ. प्रत्येकाला आठवड्याच्या अंतराने तीन वेळा औषध दिले गेले: एकदा लेव्होडोपा-कार्बिडोपाची नेहमीची मात्रा, एकदा पंधरा ग्रॅम बीचे चूर्ण आणि एकदा तीस ग्रॅम. क्रम चिठ्ठीने ठरलेला होता. कोणत्या दिवशी काय दिले हे रुग्णाला माहीत नव्हते आणि त्याची हालचाल मोजणाऱ्यालाही माहीत नव्हते. प्रत्येक रुग्णाची तुलना त्याच्या स्वतःशीच झाली. तीस ग्रॅम चूर्णाचा गुण सरासरी पस्तीस मिनिटांच्या आत दिसू लागला, गोळीला मात्र सुमारे एकोणसत्तर मिनिटे लागली. चूर्णाचा परिणाम सदतीस मिनिटे अधिक टिकला. अनैच्छिक हालचालींचा त्रास वाढल्याचेही दिसले नाही. आत्मगुप्तेच्या बीने तज्ज्ञांच्या डोळ्यांदेखत ही परीक्षा उत्तीर्ण केली. जुन्या वैद्यांच्या निरीक्षणाला याहून मोठी दाद मिळणे कठीण.

कथा येथे थांबवली तर सभागृहात टाळ्या पडतील, परंतु ती अपुरी राहील. एका मात्रेची परीक्षा म्हणजे रोजच्या संसाराची परीक्षा नव्हे. २०१८ साली बोलिव्हियातील रुग्णांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. तेथे गोळ्या परवडत नाहीत अशा रुग्णांना बीचे चूर्ण स्वस्तात पुरवता येईल काय, हा संशोधकांचा प्रश्न होता आणि त्यात गरिबांविषयीची कळकळ होती. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात अठरा रुग्णांना एकेक मात्रा दिली गेली होती आणि निष्कर्ष उत्साहवर्धक होते. नंतर चौदा रुग्णांनी रोज चूर्ण घेण्यास सुरुवात केली. त्यांपैकी निम्म्यांना, म्हणजे सात जणांना, ते मध्येच सोडावे लागले. कोणाला पोटाचा त्रास झाला, कोणाची हालचाल बिघडली. संशोधकांनी हा प्रतिकूल निष्कर्षही तितक्याच स्पष्टपणे छापला. आशेच्या विरुद्ध गेलेले उत्तर दडवून न ठेवणे हाही परीक्षेचाच भाग आहे.

या सगळ्याचा घरातील रुग्णाशी संबंध काय? प्रत्येक बीत लेव्होडोपाचे प्रमाण सारखे नसते. वेल, जमीन, साठवण आणि प्रक्रिया यांनुसार ते बदलते. बाजारातल्या दोन पुड्यांतील चूर्ण दिसावयास सारखे आणि मात्रेने निराळे असू शकते. चालू असलेली गोळी स्वतःच्या विचाराने बंद करून चूर्ण घेणारा रुग्ण अकस्मात जखडू शकतो. गोळीबरोबरच गुपचूप चूर्ण घेणाऱ्याच्या शरीरात एकच द्रव्य दोन वाटांनी जाते आणि मात्रा अतिरिक्त होते. अशा रुग्णाला भोवळ, भ्रम, अनावर हालचाली होऊ शकतात. म्हणून ज्याला ही बी घेण्याची इच्छा आहे त्याने ती आपल्या चिकित्सकाला सांगून, त्याच्या देखरेखीखालीच घ्यावी. खाजकुहिलीत औषध आहे हे सिद्ध झाले आहे म्हणूनच ही सावधगिरी हवी. जिच्यात काहीच नाही तिच्यापासून मात्रेची भीती नसते.

मात्रेचा मुद्दा स्वयंपाकघरापर्यंत येतो. मेथीदाण्याने साखर उतरते असे घरोघर म्हणतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या दहा रुग्णांना दहा दिवस तेल काढून टाकलेले मेथीचे चूर्ण दिले आणि त्यांच्या लघवीतून जाणारी साखर सुमारे निम्म्याने घटली. परंतु चूर्ण रोज शंभर ग्रॅम होते, जेवणाच्या पदार्थांत मिसळून दिलेले, आणि हे रुग्ण इन्सुलिनवर होते. फोडणीतल्या चिमूटभर मेथीला या अभ्यासाची साक्ष काढता येत नाही. तसेच ‘अमुक बीच्या अर्काने जंतू मेले’ अशी बातमी वाचली की विचारावे, कोठे मेले? काचेच्या बशीत जंतू मिठानेही मरतात आणि व्हिनेगरनेही मरतात. बशीतून प्राण्यापर्यंत, प्राण्यातून निरोगी माणसापर्यंत आणि तेथून रुग्णापर्यंत प्रत्येक पायरीवर पुष्कळ अर्क गळून पडतात. जे उरतात त्यांनाच औषध म्हणावे.

बेळगावसारख्या गावी या विषयाला एक विशेष अर्थ आहे. पारंपरिक औषधांवर काम करणारी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची संस्था याच शहरात आहे आणि सह्याद्रीचे रान हाकेच्या अंतरावर आहे. येथे एकाच वनस्पतीला मराठीत एक नाव, कन्नडात दुसरे, कोकणीत तिसरे. खाजकुहिलीला कन्नड शेजारी नसुगुन्नी म्हणतात आणि हिंदी भाषक कौंच म्हणतात. चौलमुग्राच्या बाबतीत नावाच्या एका घोटाळ्याने जग कितीतरी वर्षे चुकीच्या झाडाकडे पाहत राहिले. ते ध्यानात घेता वनस्पतींच्या स्थानिक नावांची शास्त्रीय नावांशी जुळलेली यादी करणे हे किरकोळ काम नव्हे. वयोवृद्ध वैद्य, रानात हिंडणारी माणसे, महाविद्यालयातले वनस्पतिशास्त्राचे अध्यापक आणि ग्रंथपाल यांना एकत्र बसवू शकेल अशी जागा गावात फार तर एखादीच असते, आणि ती बहुधा ग्रंथालय असते.

राहिले ते कपाट. त्यातील पुस्तके निकालात काढावीत असे कोणी म्हणू नये आणि त्यांतील प्रत्येक ओळ वेदवाक्य मानून कोणी रुग्णाच्या तोंडात औषध घालू नये. मद्रासच्या संशोधकांचा निबंध वीस वर्षे खंडांत पडून राहिला आणि हॉलमन यांचा लेख ॲलिस बॉलचे नाव सांगत असूनही वाचला गेला नाही. दोन्हीही कोणत्यातरी ग्रंथालयाने जपले म्हणूनच पुढच्या पिढीला सापडले. जुन्या वैद्यकग्रंथांतील ‘गुणकारी’ हा शब्द म्हणजे कोणीतरी काळजीपूर्वक पाहिलेल्या एका अनुभवाची नोंद आहे. तिची कसोटी घेणे हे प्रयोगशाळेचे काम. ती नोंद वाळवीपासून वाचवून, तिची सूची करून, विचारणाऱ्याच्या हाती देणे हे ग्रंथालयाचे काम. गेली शंभर वर्षे ते येथे निष्ठेने झाले. पुढच्या शतकात या कपाटाशी येणाऱ्या अगतिक वाचकाला जुन्या पुस्तकाबरोबर त्यातील बीचे पुढे काय झाले हे सांगणारे नवे पुस्तकही त्याच फळीवर मिळो, अशी सदिच्छा व्यक्त करून हे व्याख्यान पुरे करणे उचित होईल.